एकट्या गिटारचा सूर



गिटार म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना सिनेमातले गाणे आणि त्यामागची साथ आठवते. मला आज बोलावयाचे आहे ते एकटीच वाजणाऱ्या गिटारविषयी. तिच्या वादनात एक विलक्षण हुरहूर असते. ती येते कोठून?

याचे उत्तर प्रथम वाद्याच्या घडणीतच शोधले पाहिजे. सारंगीचा सूर गजाच्या बळावर लांबतो, बासरीचा फुंकरीच्या. गिटारची तार छेडली की सूर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो.

स्पेनमधील थोर वादक फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) याने या उणिवेचेच सोने केले. ग्रानाडा शहरी मूर राजांचा अल्हाम्ब्रा नावाचा राजवाडा आहे. ‘अल्हाम्ब्राच्या आठवणी’ अशा अर्थाचे नाव त्याने आपल्या एका रचनेला दिले. तीत अंगठा साथीचे सूर सांभाळतो. अनामिका, मध्यमा आणि तर्जनी एकामागून एक तोच वरचा सूर छेडतात. सूर विरण्यापूर्वीच तो पुन्हा उमटतो. कारंज्याची धार दुरून एकसंध दिसावी आणि जवळ जावे तो थेंबच थेंब, तसे हे आहे! पूर्वार्धात कोमल गंधार लागतो. पुढे षड्ज तोच राहून गंधार शुद्ध होतो. उदास अंगणात ऊन उतरल्यासारखे वाटते. दुःख सरत नाही, त्याची आठवण मात्र गोड होते.

उत्तरायुष्यात तारेगा नखे कापून नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवू लागला. आवाज लहान झाला, पण मऊ झाला. पुढे आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याने हीच गिटार मोठमोठ्या सभागृहांत नेली, तीही ध्वनिक्षेपकावाचून. वाद्याचा आवाज वाढविण्याऐवजी त्याने श्रोत्यांना शांत व्हावयास लावले.

मला महत्त्वाचे वाटते ते हेच. आपले लग्न, उत्सव, प्रचार, सारे कर्ण्यावरून चालते. हळू आवाज ऐकण्याची कानांची सवयच मोडत चालली आहे. मग घरातल्या थकल्याभागल्या माणसाचा पुटपुटलेला शब्द आपल्यापर्यंत पोहोचावा कसा? एकट्या गिटारपुढे घटकाभर बसणे ही त्या ऐकण्याची शिकवणी आहे. ती आपण घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.