खाली लुगडं घाला की!
(माण येथील महिला शिवणवर्गाच्या समारोपप्रसंगी वर्गाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



मला आज वर्गाचा अहवाल वाचायला सांगितलं होतं. अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे. मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

माणच्या एका बाजूला हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आहे, दुसऱ्या बाजूला मुळशीचे डोंगर. आपल्या वर्गात येणाऱ्या बऱ्याच जणी डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवरच्या. वर्ग सुरू झाला तेव्हा मी ठरवलं, की घरच्या गोधडीसारखं नको, बाजारात चालेल असं सुबक काम शिकवायचं. बारा इंची चौकोन, त्यात सहा पट्ट्या. तुकड्याला तुकडा जोडायचा, खाली आधाराचं कापड नाही. कापड वाचतं, रजई हलकी होते, धुतली की लवकर वाळते.

पद्धत चांगलीच आहे. पण तिला दोन गोष्टी लागतात. एक, कापड मजबूत आणि उभ्या-आडव्या धाग्यात कापलेलं हवं. उरेब कापलेली पट्टी हातात ताणते. दुसरी, माया सगळीकडे सारखी हवी. दोन इंची पट्टी हवी तर अडीच इंच कापायची, दोन्ही कडांना पाव इंच माया. प्रत्येक शिवणीत एक सूत जास्त गेलं तर दोन्ही पट्ट्यांतून मिळून दोन सूत जातात. पाच शिवणींत दहा सूत, म्हणजे चौकोन सव्वा इंचानं तोकडा!

आमचं कापड होतं शिंप्यांच्या दुकानातल्या चिंध्या आणि जुन्या साड्या. काही विरलेलं, काही तिरकं कापलेलं. पहिल्याच आठवड्यात एका मावशींनी जुन्या लुगड्याचा तुकडा खाली घेतला आणि त्याच्यावर चिंध्या मांडून धावदोरा घालायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मावशी, ही घरची वाकळ नाही. उसवा." त्यांनी काही न बोलता सगळं उसवलं.

महिन्याभरानं चौकोन जुळवायला बसलो, तर एकाची कड दुसऱ्याला लागेना. धुऊन पाहिले, तर कित्येक चौकोन शिवणीला लागूनच फाटले. ज्यांनी रोजंदारी बुडवून ते शिवले होते, त्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा त्याच मावशी म्हणाल्या, "बाई, विरलेलं कापड नुसतं जोडलं की शिवणीपाशीच फाटतं. खाली लुगडं घाला की!"

मग त्यांनी शिकवलं आणि मी शिकले. धुऊन मऊ झालेलं सुती कापड खाली घ्यायचं. कोरं घेतलं तर पुढे आटतं आणि वरचं सगळं चुरगळतं. पहिला तुकडा सुलट ठेवायचा, दुसरा त्याच्यावर उलटा, कडेला कड लावून खालच्या कापडासकट शिवायचा, मग उलगडून नखानं दाबायचा. पुढचा तुकडा तसाच. तुकडा तिरका असो, लहान असो, ताण खालचं कापड घेतं. चौकोनाचं मापही तेच राखतं. वजन थोडं वाढतं, वाळायला वेळ लागतो. पण माळावरच्या झोपडीत थंडीत अंगावर घ्यायला तेच वजन हवं असतं.

ही विद्या आपल्याच वाड्यांवर आहे असं नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. मूळचे आफ्रिकेतले, आज घरात कोकणी बोलणारे. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात: जुन्या साडीवर कोपऱ्यापासून तुकडे लावत, कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं हवीतच. त्या कवंद्या आज परदेशातल्या प्रदर्शनांत मांडल्या जातात. त्यांना कुणी 'उसवा' म्हटलं नाही, हे बरं झालं.

आता वर्गात दोन्ही पद्धती चालतात. नवं, सारखं कापड असेल तर नुसते तुकडे जोडायचे. जुनं आणि मिश्र असेल तर खाली आधार. कोणतं कशाला, हे कापड हातात घेऊन बायका ठरवतात. मावशी आता नव्या मुलींना शिकवतात आणि त्या दिवसाचं मानधन घेतात.

हितचिंतकांना दोन विनंत्या. जुने कपडे द्याल तर सुती द्या, धुऊन द्या. आणि गोधडी विकत घेताना 'चिंध्यांचीच तर आहे' म्हणून भाव पाडू नका. चिंध्या फुकट मिळतात, टाके फुकट मिळत नाहीत.

मावशी, तुम्हाला उसवायला लावलं ते माझं चुकलं. एकांतात म्हणाले होते, आज सगळ्यांसमोर म्हणते.