घामाघूम पेशंट
(जाफराबाद येथील वैद्यकीय परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



पूर्णा आणि केळणेच्या संगमावरच्या या गावात तुमचं सगळ्यांचं मनापासून स्वागत. एवढे डॉक्टर असताना स्वागताध्यक्ष म्हणून मेडिकलवाल्याला कशाला उभं केलं, असा प्रश्न काहींना पडला असेल. मलाही पडला होता. संयोजक म्हणाले, मंडप, जेवण आणि वर्गणी यांचा हिशेब तुमच्याइतका चोख कुणाला जमायचा नाही. खरं कारण तेवढंच. पण माईक हातात दिलाच आहे, तर काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते थोडं सांगतो.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आधी गावची एक गोष्ट. आसई आपल्याच तालुक्यात. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी वेलस्लीची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. आसईत इंग्रजांच्या बाजूची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, मराठ्यांची त्याहून कितीतरी जास्त. वेलस्लीनं आपले जखमी डोल्यांतून अजिंठ्याला हलवले आणि तिथं तात्पुरतं रुग्णालय थाटलं. म्हणजे पेशंट बाहेर 'रेफर' करायची आमच्या तालुक्याची परंपरा सव्वादोनशे वर्षांची आहे! आता डोलीच्या जागी 108 ची रुग्णवाहिका येते आणि अजिंठ्याच्या जागी जालना, बुलढाणा, नाहीतर थेट घाटी रुग्णालय.

रेफर करण्यात कमीपणा काहीच नाही. गाडी येईपर्यंत जो अर्धा तास जातो, त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न. आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर हृदयविकार, विषबाधा आणि विषाणू असे तीन वेगळे विषय छापलेत. छापताना ते वेगळे दिसतात. रात्री अकराला जीपमधून पेशंट उतरतो तेव्हा एवढंच दिसतं, की माणूस घामानं चिंब आहे, ओकतोय, जीव घाबराघुबरा झालाय. त्याला विंचू चावला असेल, दिवसभर कपाशीवर फवारणी करून तो आला असेल, किंवा त्याला हृदयविकाराचा झटका आला असेल. बरोबरचा माणूस म्हणतो, "काय झालं कळंना बघा, एकदम घामच फुटला." आणि या तिघांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत.

विंचवाचं पहिलं घेतो, कारण त्यात आपल्या जिल्ह्याचा मान आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. घरची गरिबी, पडेल ते काम करत शिक्षण, नागपूरला एम. बी. बी. एस. 1976 साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे मरणाची गाठ. दंश झालेल्यांपैकी ज्यांची तब्येत गंभीर व्हायची, त्यांतले शंभरातले चाळीसेक दगावायचे, लहान पोरं जास्त. तेव्हाचे उपचार म्हणजे स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं. पोरं मरायची ती मरतच होती.

या माणसानं काय केलं? खाटेशेजारी बसून राहिला. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारठा, सगळं लिहीत राहिला. रात्रभर. त्या टिपणांतून जे निघालं ते असं: विष रक्तात गेलं की शरीरातल्या चेतातंतूंचं वादळ उठतं. आधी घाम, उलट्या, लाळ. मग रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. तोंडातून गुलाबी फेस येतो. म्हणजे विंचवाचं विष माणसाला मारतं ते हृदयाच्या वाटेनं. हे एकदा ध्यानात आलं, की औषधही हृदयाच्या कप्प्यात शोधायचं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी होती. ती त्यांनी वापरली. 1982 मध्ये दंशाची पूर्वलक्षणं आणि 1986 मध्ये प्राझोसिनचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आलं.

ते तिथंच थांबले नाहीत, याचं मला जास्त कौतुक आहे. स्वतःच्या औषधानं नाव झालं की माणूस त्यालाच चिकटून बसतो. पुढं विंचवाच्या विषावरची प्रतिलस मिळू लागली, तेव्हा त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडला 70 पेशंटवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्या गटात 35 पैकी 32. आपलंच औषध एकटं अपुरं पडतं, हे त्यांनी 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती मिळाली नसती तरी त्या आकड्यांचं वजन तेवढंच राहिलं असतं.

आता फवारणीवाल्याकडं येऊ. कपाशी, मिरची, मका, शेडनेटमधलं बियाणं, म्हणजे आपल्याकडं पंप वर्षभर पाठीवरच. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवेत दमटपणा, दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी. शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात गेले, वीसहून जास्त दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात भिनलं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पडतं. मग लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, नाडी मंद, छातीत पाणी. इथं अ‍ॅट्रोपिनच जीव वाचवतं, तेही भरपूर. छाती कोरडी पडेपर्यंत देत राहावं लागतं. एका पेशंटला रात्रीत तीस-चाळीस अँप्युल सहज लागतात. असा पेशंट आला की दुकानाचं शटर मध्यरात्री वाजतं, ते का, हे घरच्यांनाही आता कळतं.

गंमत बघा, गंमत कसली, पेच बघा. जे अ‍ॅट्रोपिन फवारणीवाल्याला तारतं, तेच विंचू चावलेल्याला देऊ नये, कारण आधीच धावत सुटलेल्या हृदयाला ते आणखी पळवतं. दोघंही घामाघूम, दोघंही ओकतायत. फरक कळायचा तो बाहुलीवरून, नाडीवरून आणि बरोबरच्या माणसाला विचारलेल्या दोन नीट प्रश्नांवरून. म्हणून मागं बसलेल्या शेतकरी मित्रांना हात जोडून विनंती: पेशंटबरोबर औषधाचा डबा आणा. रिकामा असला तरी आणा. लेबलवरचा तिकोन लाल आहे, पिवळा, निळा की हिरवा, यावरून विष किती जहाल ते कळतं आणि आतल्या घटकाच्या नावावरून उतारा ठरतो. "ते पांढरं, उग्र वासाचं" एवढ्यावर डॉक्टरनं काय करावं?

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचं एका वाक्यात सांगतो, पण कान देऊन ऐका. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो थेट हृदयाचे स्नायू निकामी करतो आणि त्याला उतारा नाही. तेव्हा ज्या खोलीत त्या गोळ्या, त्या खोलीत किंवा तिच्या लगत कुणी झोपायचं नाही.

तिसरा पेशंट माझ्या सगळ्यात ओळखीचा, कारण तो दवाखान्यात जायच्या आधी माझ्याकडं येतो. सकाळची वेळ, दुकानात उदबत्ती लावतोय तोवर पन्नाशीचा गडी काउंटरला टेकून उभा राहतो. एक हात छातीवर, कपाळावर घामाचे थेंब, सदरा पाठीला चिकटलेला. म्हणतो, "गॅस धरलाय, एखादी गोळी द्या. इनो द्या." त्याला गोळी देऊन रस्त्याला लावणं धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात सोपं. पण बसवायचं, तोंडातून कसलाही ब्र न काढता मोटारसायकल काढायची आणि ईसीजीला न्यायचं. झटक्याचा निर्णय मिनिटांवर असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. तालुक्यातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांना माझं सांगणं आहे, की चाळिशीच्या पुढचा माणूस घामेजून गॅसची गोळी मागत असेल, तर त्याला गिऱ्हाईक समजू नका.

आणि त्याला एक प्रश्न आवर्जून विचारा: मागच्या आठवड्यात ताप-खोकला होता का? कॅनडातल्या ओंटारियोचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सहापट होते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर झटका येऊन गेलेल्यांना दवाखान्यातच फ्लूची लस देऊन पाहिली आणि वर्षभरातले मृत्यू कमी झाले. आपल्याकडं हृदयाच्या पेशंटच्या चिठ्ठीवर पाच गोळ्या असतात, फ्लूची लस क्वचित दिसते. हे मी चिठ्ठ्या वाचणारा माणूस म्हणून बोलतोय. राग मानू नका.

विषाणूंची आणखी एक तऱ्हा आज दुपारच्या सत्रात आहे. एक विषाणू अंगात असला की तो दुसऱ्याला आत येऊ देत नाही, असं कधीकधी घडतं. 1957 साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर हे तपासताना इंटरफेरॉन शोधून काढलं: पहिल्या विषाणूची चाहूल लागलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करते. 2009 मध्ये स्वाइन फ्लूनं पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, त्याच वर्षी फ्रान्स आणि स्वीडनमधल्या संशोधकांना दिसलं, की साध्या सर्दीच्या विषाणूची लाट चालू असताना तिथं स्वाइन फ्लूची साथ काहीशी रेंगाळली. याचा अर्थ सर्दी झालेली बरी, असा कुणी काढू नये. पण आपल्या तालुक्यात कुठला ताप कुठल्या महिन्यात येतो, एक ओसरल्याशिवाय दुसरा का चढत नाही, हे कुणी लिहून ठेवलंय का? पुण्याची विषाणू संस्था 1952 पासून आहे, ती नमुने तपासेल. जाफराबादच्या ओपीडीत काय घडलं ते मात्र तिला इथूनच कळवावं लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. संशोधन मोठ्या शहरात होतं आणि आपण ते फक्त वापरायचं, हा समज बिरवाडीच्या खाटेशेजारी मोडला गेला. तिथं कॅथलॅब नव्हती. रक्तदाबाचं यंत्र होतं, घड्याळ होतं आणि लिहायची सवय होती. आपल्याकडं यातली पहिली दोन साधनं आहेत.

म्हणून नोंदणीच्या टेबलावर एक लांब वही ठेवली आहे. यंदा पाहिलेला, पण उलगडा न झालेला एक पेशंट प्रत्येक डॉक्टरनं तिच्यात लिहायचा. नाव-गाव नको, वय, महिना, लक्षणं, काय दिलं, काय झालं. सिस्टर आणि आशाताईंनीही लिहायचं, कारण पहिल्यांदा पाहतात त्या. अक्षराची काळजी करू नका, आम्ही मेडिकलवाले कुठलंही वाचतो. संध्याकाळच्या खुल्या सत्रात अध्यक्ष महोदय त्यातल्या काही केस चर्चेला घेतील, तसं त्यांनी कबूल केलं आहे.

जेवण दीड वाजता, मंडपाच्या मागं. भाकरी, ठेचा, पिठलं, वांग्याची भाजी. मिरची इथलीच आहे, तेव्हा बेतानं घ्या. मोबाइल बंद करा असं डॉक्टरांना सांगत नाही, फक्त आवाज कमी ठेवा, आणि 108 ची एक गाडी फाटकाशी उभी आहे, तिच्यापुढं कुणी कार लावू नका. उद्घाटकांना विनंती करतो, की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.