चाखणे आणि तपासणे



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानण्याचा परिपाठ मी मनःपूर्वक पाळतो. परंतु ज्याने उभी हयात चपट्या बाटल्यांत कर्कपेशी वाढवण्यात घालवली, त्याच्याकडून सर्वसंग्राहक भाषणाची अपेक्षा करण्याचे धाडस आपले आहे, माझे नव्हे. मी त्या बाटलीपासून फार दूर जाणार नाही.

इ. स. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात, लेस्ली हफ यांच्या हाताखाली, शशिकांत फडणीस हा तरुण रसायनज्ञ साखरेच्या रेणूत क्लोरीन गोवण्याच्या उद्योगात होता. सिद्ध झालेल्या एका पदार्थाची ‘टेस्ट’ करावी, असे त्याला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मनात तपासणे होते, ऐकणाऱ्याने चाखणे ऐकले आणि ती पूड जिभेवर ठेवली. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असलेले सुक्रालोज जगाला सापडले ते असे. इंग्रजी उच्चारात या दोन शब्दांमध्ये निदान स्वराचा भेद आहे; आपल्या देवनागरीत दोन्ही ‘टेस्ट’ असेच लिहिले जातात, त्यामुळे फडणीसांची चूक आपल्याला चूक वाटतच नाही. (१८७९ मध्ये सॅकरीन सापडले तेही फाल्बर्ग हा रसायनज्ञ हात न धुता जेवायला बसला म्हणून. आमच्या शास्त्राचा हा इतिहास मुलांना सांगू नये.)

चाखणे आणि तपासणे यांची हीच गल्लत, ‘या कृत्रिम गोडीने कर्कपेशी वाढते की मरते’ या प्रश्नाच्या चर्चेत आपण रोज करतो. आमच्या बाटलीतला द्रव तांबूस असतो; पेशी साखर खाऊन आम्ल टाकू लागल्या की तो नारिंगी होतो आणि दोन दिवसांची सुटी पडली तर सोमवारी उष्मपेटी उघडताच पिवळाधमक दिसतो. ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात कर्कपेशींच्या ज्या साखरखाऊ वृत्तीकडे लक्ष वेधले, तिचे याहून सुलभ दर्शन मला ठाऊक नाही. पण याच द्रवाच्या प्रचलित प्रकारात लिटरमागे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असते आणि निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात सुमारे एक ग्रॅम. म्हणजे जिच्यावर गोडीचा परिणाम पाहावयाचा ती पेशी आधीच पाकात मुरलेली असते, आणि तिच्या अंगावर आपण ते कृत्रिम गोड द्रव्य थेट ओततो. देहात ते तिच्यापर्यंत कोण नेऊन पोहोचवणार, याची चौकशी बहुधा कोणी करीत नाही.

अ‍ॅस्पार्टेमचे पाहा. ते आतड्यातच फुटते. फिनाइलअ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि अल्पसे मिथेनॉल एवढेच रक्तात उतरते, अखंड अ‍ॅस्पार्टेम जवळजवळ नाहीच. १४ जुलै २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने त्याची गणना ‘संभाव्य कर्कजनकां’त केली, आणि त्याच दिवशी त्याच संघटनेशी संलग्न अशा दुसऱ्या तज्ज्ञसमितीने देहाच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. यात विसंगती नाही: पहिलीने विचारले, पुरावा कितपत आहे, दुसरीने विचारले, किती खाल्ले तर बाधेल. वृत्तपत्रांनी पहिलीचा निकाल मथळ्यात घातला, दुसरीचा आतल्या पानावर.

सॅकरीनचा खटला मात्र सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे रेंगाळतो. उंदीरवर्गातल्या मोठ्या प्राण्यांना, म्हणजे रॅटना, ते भरमसाट मात्रेत खाऊ घातल्यावर मूत्राशयात अर्बुदे उठली. १९७७ मध्ये अमेरिकेत बंदीची तजवीज झाली, कायदेमंडळाने तिला तहकुबी दिली आणि डब्यांवर इशारा छापण्याचा हुकूम निघाला. पुढील वीस-बावीस वर्षांच्या तपासात निघाले ते असे की, रॅटच्या मूत्राच्या विशिष्ट घडणीमुळे सॅकरीनच्या प्रभावाने त्यात कॅल्शियम फॉस्फेटयुक्त सूक्ष्म कण साकळतात, ते अस्तराला खरचटतात, आणि अस्तर पुनःपुन्हा भरून येताना पेशींचे विभाजन बेसुमार वाढते. पेशीच्या जनुकाला सॅकरीनने बोटही लावले नव्हते. दोष होता तो मूत्रातल्या वाळूचा. मनुष्यदेहात ही वाट नाही, म्हणून २००० मध्ये आरोपीचे नाव कर्कजनकांच्या अमेरिकी यादीतून वगळले गेले. आता दैवाची गंमत अशी की, कर्कपेशी स्वतःभोवतीच्या आम्लतेचा बंदोबस्त ज्या ‘कार्बोनिक अनहायड्रेज नऊ’ विकराच्या साहाय्याने करते, त्याच्या खाचेत सॅकरीन जाऊन बसते. आणि या सांगाड्यावर औषध रचता येईल का, हे काही रसायनज्ञ पाहत आहेत. चहात गोळी टाकल्याने ते साधेल असे कृपया कोणी समजू नये.

राहिले सुक्रालोज. त्याचा बराचसा अंश शोषला न जाता मोठ्या आतड्यात जातो, आणि तेथे त्याची गाठ कर्कपेशीशी नव्हे, जिवाणूंशी पडते. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०२५ मध्ये १३२ कर्करुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. देहाच्या रक्षकपेशींना मोकळीक देणारी आधुनिक उपचारपद्धती ज्यांच्यावर चालू होती, त्यांपैकी सुक्रालोज अधिक खाणाऱ्यांना गुण कमी आला. मूषकांत असे दिसले की जिवाणूंच्या वस्तीत पालट होऊन आर्जिनिन हे अमिनो आम्ल खालावते आणि रक्षकपेशींची उपासमार होते. आर्जिनिन किंवा सिट्रुलिन पुरवल्यावर त्या सावरल्या. माणसांतली ही पाहणी म्हणजे केवळ सहचार, कार्यकारणाचा दाखला नव्हे. परंतु गोडीचा मुलाहिजा करायचा तर निव्वळ कर्कपेशीच्या दारात उभे राहून भागत नाही, तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या घ्याव्या लागतात, ही माझी अनेक वर्षांची समजूत या कामाने बळावली. आमची बाटली येथे मुकी आहे. तिच्यात आतडेही नाही आणि शेजारही नाही.

मी वैद्य नव्हे, तरीही रुग्णालयाच्या जिन्यावर कोणी ना कोणी अडवून विचारतेच, “सर, आमच्या ह्यांना शुगर-फ्री चालेल का हो?” मी विचारतो, कोणती, दिवसाकाठी किती, आणि उपचार कोणता चालू आहे. पहिल्याच प्रश्नाला बहुधा उत्तर नसते. मग त्या बाई पिशवीत हात घालून, डब्याखालून आणि रिपोर्टांच्या फायलीखालून, ती लहानशी डबी शोधून काढतात, आणि आम्ही दोघे तेथेच जिन्यावर चष्मे चढवून तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचू लागतो.