रुग्णाची नोंद : एक ठेव



देणगीच्या प्रत्येक रुपयाचा आपण हिशेब ठेवतो. रुग्णाची माहिती हीदेखील तशीच ठेव आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत सिकलसेल आढळतो. केवळ वाहक असलेल्या मुलीचा अहवाल व्हॉट्सॲपवरून गावात पोचला, तरी तिचे लग्न अडू शकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा अनेक दिवस कामकाज कागदावर चालले. आपल्याकडील धोके साधे आहेत : सर्वांचा एकच पासवर्ड, रांगेकडे वळलेला संगणकाचा पडदा, मोबाइलवर टिपलेला अहवाल. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड स्वतंत्र असावा, नोंदींची प्रत रोज अन्यत्र सुरक्षित ठेवावी. आप्तजनांनीही रुग्णाच्या संमतीविना अहवाल कोणास पाठवू नये, ही नम्र विनंती.