पालशेत ते सर्वोच्च न्यायालय

डॉक्टरांवर दावा लावणं हे ग्राहक कायद्यानंतरचं नवं खूळ, असं पुष्कळांना वाटतं. त्यांना कोकणातली एक जुनी हकिकत सांगतो.

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. वडील दौंडला डॉक्टर. गावातल्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या. पुढे टॅक्सीतून दोनशे मैल, तब्बल अकरा तास, असं करत त्याला पुण्याला आणलं. तिथल्या इस्पितळात वेदना शमवणाऱ्या मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्यायचं ठरलं होतं; दिलं गेलं एकच. मग भूल न देताच तिघा मदतनिसांकरवी जोर लावून पाय ओढला आणि प्लॅस्टर घातलं. 9 मेच्या रात्री नऊला मुलगा गेला.

दाखल्यावर कारण होतं, रक्तात चरबीची गुठळी अडकली. वडिलांना ते पटेना. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरवर दावा लावला. मृत्यू वेदनेच्या धक्क्याने झाला, असं कोर्टाने मानलं आणि 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. भरपाई किती? तीन हजार रुपये. एवढ्यासाठी पंधरा वर्षं कोणी पैशाच्या लोभाने झगडत नाही.

रोगी हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असं त्या निकालात आहे. रोगी बरा होईलच, अशी हमी मात्र कायदा मागत नाही. हे विसरून लावलेले दावे टिकत नाहीत, आणि टिकूही नयेत.

पण एक गोष्ट मला खटकते. हे वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून काय चुकलं ते त्यांना उमगलं. आपल्यासारख्याला भूल आणि मॉर्फिया यांतला फरक कोण सांगणार? तिथे कागदच कामी येतो. दाखल रोग्याचे कागद मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावेत, असा 2002 पासून नियम आहे. नातेवाईक ते मागतात फार उशिरा, भांडण पेटल्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्याच 1995 च्या एका निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात आले खरे. पण तिथेही तक्रारीची मुदत साधारण दोनच वर्षं. शोकात पहिले सहा महिने तर असेच जातात.