दाताआधी पिन तुटावी



ही व्याख्यानमाला उन्हाळ्यात होते, हे माझ्या विषयाच्या पथ्यावरच पडलं आहे. ढोकीचा तेरणा असो, रांजणीचा नॅचरल शुगर असो की मुरूमचा विठ्ठलसाई, आपल्या धाराशिव जिल्ह्यात या दिवसांत गाळप आटोपलेलं असतं. मिल खोलून रोलर बाहेर काढलेले असतात आणि फिटर मंडळींना बोलायला थोडी सवड असते. मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.

ऊस पिळणारा रोलर मिनिटाला जेमतेम पाच फेरे घेतो. त्याला फिरवणारी मोटर घेते दीड हजार. ही तीनशे पटींची तफावत गिअरबॉक्स सांभाळतो. ५०० किलोवॉटची मोटर धरा. किलोवॉटला ९५५० ने गुणायचं आणि फेऱ्यांनी भागायचं, की टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. मोटरच्या शाफ्टवर तो सुमारे ३,१८० भरतो. रोलरच्या शाफ्टवर, घर्षणाची घट सोडली, तर साडेनऊ लाखांवर जातो. एवढं ओझं गिअरचे दात हंगामभर रात्रंदिवस पेलतात आणि तक्रार करत नाहीत, कारण ते त्यासाठीच घडवलेले असतात.

आता मोळीतून एखादा कोयता येतो, ट्रॉलीची पिन येते, साखळीचा तुकडा येतो. चुंबकाच्या नजरेतूनही कधी एखादा निसटतो. तो दोन रोलरांच्या मधे अडकला की रोलर थबकतो. बगॅस तुंबून मिल चोक होते तेव्हा भार हळूहळू चढतो, अँमीटरचा काटा वर सरकतो, माणसाला गव्हाण थांबवायला वेळ मिळतो. लोखंड तेवढा वेळ देत नाही.

‘आमच्याकडे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग आवरणारी ड्राइव्ह, आहे, करंट लिमिट लावलेली आहे,’ असं मला अनेकदा सांगितलं जातं. ती असावीच. चोक झालेल्या मिलसाठी तिच्याइतकं चांगलं साधन नाही. पण व्हीएफडी आवरते ती वीज. दीड हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या रोटरमध्ये साठलेली ऊर्जा तारेतून आत-बाहेर होण्याची वाट पाहत नाही. पुढे रोलर अडला तरी मागून रोटर रेटतच राहतो, आणि त्या दोघांच्या मधे सापडतो तो गिअरबॉक्स. रोलरच्या बाजूने पाहिलं तर रोटरचं जडत्व गुणोत्तराच्या वर्गाने वाढलेलं भासतं. तीनशेचा वर्ग नव्वद हजार! बटण दाबून मोटर बंद केली तरी हे जडत्व बंद होत नाही. म्हणून त्या रोटरला गिअरबॉक्सपासून प्रत्यक्ष तोडणारं काहीतरी लागतं, आणि ते मोटर आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसवणं सर्वांत सोयीचं, कारण तिथे टॉर्क कमी असतो.

एक उपाय फ्लुइड कपलिंगचा. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्यासमोर प्रश्न जहाजाचा होता: टर्बाइन वेगवान, पंखा संथ. यात दोन्ही बाजूंना जोडणारं असतं फक्त तेल. पुढचा भाग अडला तर तेल घुसळत राहतं, तापतं आणि ठरलेल्या तापमानाला वितळणारा प्लग उघडून बाहेर पडतं. मोटर मोकळी होते. तेल सांडतं, जमीन चिकट होते, पण दात शाबूत राहतात.

दुसरा उपाय त्याहून जुना आणि स्वस्त, शिअर पिनचा, म्हणजे भार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्वतः तुटून मोटरला मोकळं करणाऱ्या पिनीचा. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्या मोटरची पिन दुप्पट भाराला, म्हणजे ६,००० न्यूटन-मीटरच्या आसपास, तुटावी असं समजा. पिन शाफ्टच्या मध्यापासून १५० मिलिमीटरवर असेल तर तिच्यावर ४०,००० न्यूटनचा कातरजोर येतो. साध्या पोलादासाठी हिशेब केला तर साडेबारा मिलिमीटरच्या आसपास व्यास निघतो. बोटाएवढी वस्तू. ती रात्री दोनला तुटते. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, फोनवर साहेब. पाळीवरचा माणूस हाताला येईल तो १६ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा बोल्ट भोक वाढवून ठोकतो. व्यासामुळे ताकद १.६ पट, पोलादामुळे दीडपट. दोन्ही मिळून जवळपास अडीचपट. दुप्पट भाराला तुटायची पिन आता पाचपटीला तुटणार! त्याआधी दात जातो. घरातल्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याचाच हा प्रकार आहे.

त्या माणसाला दोष देणं मला पटत नाही. योग्य पिन त्याच्या हाताशी नव्हती, हा दोष व्यवस्थेचा आहे. पिना ऑफ सीझनमध्येच, एकाच पोलादाच्या बारमधून, ड्रॉइंगप्रमाणे खाच घालून तयार ठेवायला हव्यात. त्यांतल्या दोन-तीन मुद्दाम तोडून ताकद तपासायला हवी. पिनीभोवतीचे कडक बुशही बदला. बुशची कड झिजली की पिन कातरली जाण्याऐवजी वाकत जाते आणि ठरलेल्या भाराला तुटत नाही.

तुटलेली पिन फेकू नका. तिचा काप पाहा. एका झटक्यात कातरलेला काप एका दिशेने ओढल्यासारखा दिसतो. काठापासून आत सरकत गेलेल्या कमानीसारख्या रेषा असतील, तर ती थकून तुटली आहे: रोजच्या सुरू-बंदच्या धक्क्यांनी, किंवा शाफ्ट सरळ रेषेत नसल्यामुळे. पहिल्या प्रसंगी लोखंड शोधायचं, दुसऱ्या प्रसंगी अलाइनमेंट तपासायची. दोन्हींत काहीही न पाहता नुसती नवी पिन घातली तर तीही पुन्हा तुटेल, आणि मग कोणीतरी १६ मिलिमीटरच्या बोल्टाकडे वळेल. प्रत्येक पिनीला तारीख, वेळ आणि पाळी लिहिलेली चिठ्ठी बांधून ती वर्कशॉपमध्ये ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात मिल खोलताना कुठल्या मिलचा गिअरबॉक्स आधी उघडायचा, हे त्या पिनांवरूनच ठरवता येईल.