काहीच उणं नसलेले ख्रिस्ती



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आभारानंतर आपल्या वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या प्रगतीचे गोडवे गायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडणार आहे. बंगले झाले, गाड्या आल्या, मुलं परदेशी गेली, हे सगळ्यांना दिसतंच आहे. या सुखवस्तूपणाने आपल्या श्रद्धेचं काय केलं, हे विचारायला मी उभा आहे. माझं उत्तर ऐकायला कडू लागेल. छळाला जे जमलं नसतं, ते सुखाने करून दाखवलं. आपल्याला देवाची गरज उरली नाही, आणि शेजाऱ्याचीही.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात मंडळ्यांना पत्रं आहेत. लावदिकीयाचं पत्र पुन्हा वाचा. सावकारी पेढ्यांचं, काळ्या लोकरीचं ते शहर. इ. स. ६० मध्ये ते भूकंपाने कोसळलं, तेव्हा रोमची मदत न घेता त्याने स्वतःला पुन्हा उभं केलं. या मंडळीवर मूर्तिपूजेचा आरोप नाही, खोट्या शिकवणीचा नाही. दोष एवढाच, की ती कोमट आहे आणि आपल्याला काही कमी नाही असं तिला वाटतं. तरी सातांपैकी हिच्याच वाट्याला कौतुकाचा एक शब्द आलेला नाही!

आणि आपल्यात आज काय शिकवलं जातं? श्रद्धा ठेवा, पैसा येईल. पैसा आला म्हणजे देव प्रसन्न आहे. मी स्पष्ट सांगतो, ही शिकवण ख्रिस्ताची नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या धनवान शेतकऱ्याने चोरी केली नव्हती. पीक भरघोस आलं, त्याने मोठी कोठारं बांधायचं ठरवलं. त्याच्या बेतात फक्त तो स्वतः होता. गडी नव्हते, शेजारी नव्हता, देव नव्हता. येशूच्या या दाखल्यात देव त्याला मूर्ख म्हणतो.

आपली कोठारं कशावर उभी आहेत? फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती पाण्यासाठी, झाडांसाठी रस्त्यावर उतरली, तेव्हा आपण मोर्च्यात होतो. पुढे आपल्यातल्याच कितीजणांनी केळीच्या वाड्यांची साठेखतं केली, बावखलं म्हणजे आपली गोड्या पाण्याची गावतळी बुजवली, विहिरीचं पाणी टँकरवाल्यांना विकलं? बिल्डरला शिव्या देणं सोपं आहे. कागदावरची सही आपली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी एका लग्नाला गेलो होतो. पूर्वी आळीतले पुरुष मांडव घालायचे, बायका मिळून स्वयंपाकाला बसायच्या. आता सगळं कंत्राटाने होतं. त्या घरची वाडी वर्षानुवर्षं शिंपणारा आदिवासी गडी हॉलच्या मागच्या दाराशी, खरकट्या ताटांच्या टोपल्यांशेजारी उभ्याने जेवत होता. त्याला कोणी हाकललं नव्हतं. आत बसवावं, हेच कोणाच्या मनात आलं नव्हतं. लूकच्याच शुभवर्तमानातल्या, श्रीमंताच्या दारात पडलेल्या गरीब लाजरसालाही त्या श्रीमंताने मारलं नव्हतं. तो त्याला दिसलाच नाही, आणि तेवढ्यावर न्याय झाला.

कोणी म्हणेल, अध्यक्षमहाराज गरिबीचं कौतुक करताहेत. मुळीच नाही. आपल्या आजीआजोबांची गरिबी पवित्र नव्हती. सावकाराचं देणं आणि औषधाविना गेलेली लेकरं, अशी ती होती. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेले. म्हणूनच १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणलं, तेव्हा त्यांना दारिद्र्यात समाधान मानायला शिकवलं नाही. अक्षरं शिकवली, हातमाग दिला, छापखाना दिला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापलं गेलं. रमाबाईंकडेही पैसा पुष्कळ आला. तो त्यांच्यापाशी थांबला नाही, त्या मुलींपर्यंत गेला. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक? १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, मिशनचा ठरलेला पगार सोडून ते साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारायला निघाले. आपण तर त्या वयात दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता मोजत असतो.

पैसा असणं हे पाप नाही. पैशाने विकत घेतलेली भिंत हे पाप आहे. आपली मुलं चर्चमध्ये येत नाहीत म्हणून आपण मोबाईलला दोष देतो. देवावर भार टाकून जगणारं माणूस त्यांनी घरात कधी पाहिलंय का? संकट आलं की विमा, म्हातारपण आलं की वृद्धाश्रम, दुःख झालं की सहल. मग प्रार्थना करायची ती कशासाठी, हे मुलांनी कुठून शिकावं?

म्हणून ठराव मांडून टाळ्या घेण्यापेक्षा मी आपल्याकडे तीन गोष्टी मागतो. यंदाच्या उपवासकाळात मांसाहार सोडाल तेव्हा वाचलेले पैसे मोजा आणि ते ज्याच्या घरी द्यायचे त्याच्या घरी स्वतः जा. तुमच्या घरच्या पुढच्या लग्नात तुमच्याकडे राबणाऱ्या माणसाला सोयऱ्यांच्या पंगतीत बसवा. आणि गावात जी बावखलं उरली आहेत, त्यांतलं एकही आपल्या सहीने बुजू देऊ नका. एवढंही जमणार नसेल, तर पुढच्या वर्षी समाजाच्या प्रगतीवर बोलायला इथे कोणाला बोलावू नका.